कास्तीलकरीण

रात्री अकराला तळघराची किल्ली माझ्या ताब्यात येते.
वर औषधशास्त्राच्या प्रयोगशाळा, फ्रीजची घरघर;
खाली दोन दगडी कमानी,
पाडलेल्या चर्चमधून चुकून उरलेल्या.
याच जमिनीत कुठेतरी, म्हणतात,
कास्तीलची एक राजकन्या पुरली आहे.
नक्की कुठे, ते लेस्टरमध्ये कुणाला ठाऊक नाही.
म्हणून फेरी मारताना मी जरा भिंतीकडून चालतो.

फलकावर तिला चार ओळी दिल्यात.
मला तिची हकीकत आपल्या बोलीत बरी सांगता येते.
तिच्या बापाला सावत्र भावाने मारलं.
तंबूत दोघे झोंबले, बाप वर होता,
तेवढ्यात कुणीतरी पाय धरून बाजू फिरवली.
म्हणे, मी राजा बसवत नाही, राजा उठवत नाही,
धन्याला फक्त हात देतो.
आपल्याकडे हात लावायचीही गरज पडली नव्हती.
एका अक्षरात भागलं. ध चा मा.

फलक याला उत्तराधिकाराचा संघर्ष म्हणतो.
भाऊबंदकी हा शब्द
इंग्रजांना आपण दिलाच नाही.

पोर इथल्या सरदाराच्या गळ्यात पडली,
का तो तिच्या, कोण जाणे.
हुंड्यात एक अख्खा देश आला,
जो तिच्यापाशी नव्हता.
इथल्या ओल्या हवेत बसून तो फर्मानं काढायचा,
खाली सही: मी, राजा.
शाई वाळायला वेळ लागत असेल.
तिकडे कास्तीलात दुसराच राजा
शेतसारा मोजून घेत होता.

"मग, मिळालं का राज्य?"
धनसुख तांडेल मॉप पिळता पिळता विचारतो.

कसलं. जहाजं भरून गेले,
अर्धी माणसं तापाने आणि हगवणीने गेली.
शेवटी तडजोड: हक्क सोडायचा, सोनं घ्यायचं.
खेचरांवर लादून आणलं म्हणतात.
आणि लेक द्यायची वैऱ्याच्या नातवाला.
पंधराची नवरी, नऊचा नवरा.

"म्हणजे गादी लेकीच्या पोटून परत आली की!
आणि आई?"
आई इथे परतली. इथेच वारली.

धनसुख दमणचा.
खिशात पासपोर्ट पोर्तुगालचा.
आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलातला,
त्या दप्तरातल्या एका ओळीवर
तो, बायको, दोन मुलं आणि एक प्रेशर कुकर
विमानात बसले.
पोर्तुगाल त्याने पाहिलेला नाही.
"मीही दावेदारच," तो हसतो,
"फक्त मला कुणी खेचरं पाठवत नाही."

मग मॉप बादलीत तसाच ठेवून म्हणतो,
काकाचा पोरगाही यायचा होता.
तोच आजोबा, तीच ओळ.
त्याच्या फॉर्मवर तांडेलला एक एल जास्त पडला.
लिस्बनहून कागद परत आले,
दुरुस्तीला वर्षं गेली, मग इथले नियम बदलले.
तो अजून बोटीवर जातो, पापलेटला.

वर कुठलासा फ्रीज थांबला.
एवढी शांतता त्या तळघरात मी कधी ऐकली नव्हती.

"फॉर्म मीच भरला होता," धनसुख म्हणाला.
"घाई होती. हात ओला होता."

बापाचं घर आता कुणाच्या नावावर आहे,
हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.
मी किल्ल्या मोजल्या.
सोळा. बरोबर होत्या.

तो पुन्हा पुसायला लागला,
दारापासून कमानीपर्यंत, सरळ पट्ट्यात.
कमानीपाशी मात्र थांबला,
मॉप उचलला,
आणि माझ्यासारखाच
भिंतीकडून गेला.